ड्युटीतली दहा मिनिटं: आमच्या वॉर्डातल्या व्यायामवर्गाबद्दल

आमच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग कर्मचाऱ्यांसाठी एक व्यायामवर्ग चालवतो, त्याबद्दल लिहिते आहे. रुग्णालय मिरजेतलं आहे, ट्रस्टचं. नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत. मी स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे, त्याआधी बरीच वर्षं ऑर्थोमध्ये, म्हणजे हाडांच्या वॉर्डात, काढली. कंबर, मान आणि उजवा खांदा ही माझी दुखण्याची ठिकाणं. वर्ग सुरू झाला तेव्हापासून मी त्यात आहे आणि माझं मत आधीच सांगते: असा वर्ग प्रत्येक रुग्णालयात हवा. फक्त तो कसा चालवला जातो यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून जरा तपशिलात लिहिते, म्हणजे आपापल्या मेट्रनकडे, म्हणजे नर्सिंगच्या मुख्य सिस्टरकडे, मागणी करताना नेमकं काय मागायचं ते ठरवता येईल.

वर्ग आठवड्यातून पाच दिवस, दहा मिनिटं. पैसे लागत नाहीत. महत्त्वाचं म्हणजे तो ड्युटीच्या वेळेत होतो आणि वॉर्डातच होतो. मॉर्निंगवाल्यांचा साडेअकराला, डॉक्टरांचा राउंड संपून त्यांच्या ऑर्डरी उतरवून झाल्या की. इव्हिनिंगवाल्यांचा साडेतीनला, नातेवाइकांची भेटायची वेळ सुरू व्हायच्या आत. निम्म्या जणी व्यायामाला, निम्म्या वॉर्ड सांभाळायला, मग अदलाबदल. विद्यार्थिनींसाठी आमच्याकडे डेमो रूम आहे, तिथे टेबलं बाजूला सारली की सहा-सात जणांना हात पसरून उभं राहता येतं. फिजिओच्या मॅडम किंवा त्यांचे इंटर्न आमच्याकडे येतात, आम्हाला त्यांच्या विभागात जावं लागत नाही. फिजिओथेरपी तळमजल्यावर आणि आमचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट स्ट्रेचरमध्ये अडकलेली. तिथे जाऊन करायचा असता तर हा वर्ग पहिल्याच आठवड्यात बंद पडला असता.

सुरुवात ८ सप्टेंबरला, जागतिक फिजिओथेरपी दिनाला झाली. अशा दिवशी आमच्याकडे एरवी एक भाषण होतं आणि चहा होतो. या वेळी मॅडमनी भाषण केलं नाही, एक फॉर्म वाटला. त्यावर पाठमोऱ्या माणसाचं चित्र आणि शरीराचे नऊ भाग: मान, खांदे, कोपरं, मनगटं आणि हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, खुबे आणि मांड्या, गुडघे, घोटे आणि पावलं. प्रत्येक भागासमोर विचारलं होतं की गेल्या बारा महिन्यांत इथे त्रास झाला का, गेल्या सात दिवसांत झाला का, आणि त्यामुळे नेहमीचं काम अडलं का. ही प्रश्नावली उत्तर युरोपातल्या संशोधकांनी १९८७ साली प्रसिद्ध केली आणि आजही कामगारांच्या दुखण्याची पाहणी करायची तर जगभर तीच वापरतात. शेवटी दुखणं शून्य ते दहामध्ये मांडायचं होतं.

आम्ही दिवसभर रुग्णांना विचारत असतो, "आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" हाच प्रश्न आम्हाला कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी गुडघ्यांसमोर आठ लिहिलं. इतकी वर्षं एका वॉर्डात काम करतो आहोत, पण त्यांचे गुडघे इतके दुखतात हे मला त्या कागदावरून कळलं. वॉर्डातल्या मदतनीस मावशींपैकी सगळ्यात ज्येष्ठ मावशींना मी प्रश्न वाचून दाखवत होते, तर नऊपैकी सात ठिकाणी त्या "लिव्हा हो म्हणून" म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, "पण सिस्टर, काम सुटंल असं नका लिहू काही." हा फॉर्म म्हणजे या सेवेतला सगळ्यात चांगला भाग, असं मी अजूनही मानते. दुखणं कागदावर आलं की त्याची नोंद होते, आणि नोंद झालेली गोष्ट रुग्णालयात कुणाला सहजासहजी कानाआड करता येत नाही.

आमचं अंग का दुखतं हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगते. पक्षाघाताचा रुग्ण असला की दर दोन तासांनी पोझिशन द्यायची, म्हणजे कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम. आमचे बेड जुने आहेत, उंची बदलत नाही. डोक्याची बाजू वर घ्यायची तर पायथ्याशी गुडघाभर उंचीवर असलेला हँडल वाकून फिरवायचा. ड्रॉशीट, म्हणजे रुग्णाखालची आडवी चादर, धरून रुग्णाला वर सरकवायचं, बेडपॅन द्यायचं, ट्रॉलीवरून बेडवर घ्यायचं. सत्तर किलोच्या माणसाचा नुसता एक पाय अकरा किलोच्या आसपास भरतो. ऑर्थोमध्ये असताना प्लास्टर घातलेला असा पाय ड्रेसिंग होईपर्यंत हातावर तोलून धरायचं काम कायम माझ्याकडे यायचं. त्या वेळी खांद्यात जी कळ बसली ती आजही आहे.

मॅडमनी यावर जे सांगितलं ते आम्हाला नर्सिंग कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. त्यानुसार सगळी परिस्थिती अनुकूल असेल तर माणसाने २३ किलोपर्यंतची पेटी उचलायला हरकत नाही. पण ते पेटीसाठी. रुग्णाला धरायला कडी नसते, तो मध्येच घाबरून गळ्यात हात टाकतो, अंग सैल सोडतो, आणि त्याला पेटीसारखं पोटाशी घट्ट धरता येत नाही. म्हणून त्याच संस्थेतले टॉमस वॉटर्स यांनी २००७ साली अमेरिकन नर्सिंग नियतकालिकात लेख लिहून ही मर्यादा ३५ पौंडांवर आणली, म्हणजे जेमतेम १६ किलो. हा आकडा ऐकून डेमो रूममध्ये सगळ्या गप्प झाल्या. १६ किलोच्या आतलं काम आमच्या वॉर्डात फार थोडं निघेल.

आता प्रत्यक्ष व्यायाम. जमिनीवर झोपून करायचा एकही प्रकार नाही. रुग्णालयाच्या फरशीवर युनिफॉर्मसह कुणी झोपणार नाही, हे ठरवणाऱ्याला ठाऊक होतं. सगळं उभ्याने, खुर्चीवर किंवा भिंतीला धरून. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून अंग ताठ धरणं, खिडकीच्या गजाला रबरी पट्टी अडकवून मागे ओढणं. वर्गातल्या आणखी दोन गोष्टींबद्दल मी जास्त सांगणार आहे, कारण माझ्या बाबतीत खरा फरक त्यांनी केला.

पहिली, वाकायची पद्धत. यासाठी मॅडमनी फरशी पुसायच्या मॉबचा दांडा मागवला. तो पाठीवर उभा धरायचा, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याच्या मागे, पाठीच्या मधोमध आणि माकडहाडावर. आता गुडघे किंचित सैल सोडून, ढुंगण मागे नेत पुढे झुकायचं, आणि तिन्ही जागा दांड्यापासून सुटू द्यायच्या नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्यापैकी बहुतेकींचं माकडहाड लगेच सुटलं, कारण आम्ही सगळ्या कमरेतून वाकत होतो. खुब्यातून वाकायला लागलं की मांड्यांच्या मागे ताण येतो आणि कंबर आपल्या जागी राहते. ताण मांडीमागे जाणवला की बरोबर, कमरेत जाणवला की थांबा, एवढी एकच खूण मॅडमनी दिली. बेडचा हँडल फिरवताना, कॅथेटरची पिशवी रिकामी करताना, खालच्या कप्प्यातली सलाईनची बाटली घेताना ती खूण मनात येते. आता न आठवताही तसंच वाकलं जातं.

दुसरा, खांद्याचा. रबरी पट्टीचा मध्य पायाखाली धरायचा, दोन्ही टोकं दोन्ही हातांत. हात बाजूने वर न्यायचे, पण अगदी सरळ बाजूला नाही, थोडे पुढे, आणि खांद्याच्या उंचीवर थांबायचं. अंगठा वरच्या बाजूला. खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत. वर नेताना मनातल्या मनात दोन मोजायचे, खाली आणताना तीन. पट्टी आपल्याला खाली ओढते, तिला तसं ओढू द्यायचं नाही. हात आपण उतरवायचे. उजव्या खांद्याला मी महिनाभर सगळ्यात हलक्या पट्टीवरच होते, आणि मॅडमनी मला पुढे ढकललं नाही. पंधरा वेळा सहज झालं, दुखणं वाढलं नाही, दुसऱ्या दिवशीही वाढलेलं नव्हतं, तरच पुढचा रंग. हा नियम त्यांनी सगळ्यांना सारखा लावला, तरुण ब्रदरनाही, म्हणजे पुरुष नर्सनाही.

पट्ट्यांविषयी स्वतंत्र लिहायला हवं, कारण बऱ्याच जणी त्या घरी घेण्याविषयी विचारतात. वर्गात थेराबँड कंपनीच्या पट्ट्या आहेत. रंगावरून ताकद कळते: पिवळी हलकी, मग लाल, हिरवी, निळी, काळी. पिवळीच्या आधी फिकट बदामी आणि काळीनंतर चंदेरी, सोनेरी असेही रंग येतात, पण आमच्याकडे पिवळी ते निळी एवढ्याच आहेत आणि तेवढ्या पुरतात. सगळ्या कंपन्यांचे रंग सारखे नसतात, म्हणून दुसरीकडून घेताना रंग बघून घेऊ नका, ओढून बघा. रुग्णालयासाठी मागवायच्या असतील तर लॅटेक्स नसलेल्याच मागवा. हातमोज्यांमुळे लॅटेक्सची ॲलर्जी झालेली एखादी तरी सिस्टर प्रत्येक ठिकाणी असते. आमच्याकडे ऑपरेशन थिएटरमधल्या एकीला आहे. प्रत्येकीची पट्टी वेगळी, टोकाला मायक्रोपोरची चिकटपट्टी लावून त्यावर नाव. साबणाच्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची, उन्हात टाकायची नाही. ओढण्याआधी दोन्ही बाजूंनी बोट फिरवून चीर पडली आहे का ते बघायचं, अंगठी काढून ठेवायची. मी घरासाठी बाजारातून एक स्वस्त पट्टी आणली होती, ती खिडकीच्या गजाच्या धारेवर चिरली आणि ओढताना तुटून मनगटावर बसली. तिथे पैसे वाचवू नयेत.

"आम्ही दिवसभर चालतो, वाकतो, उचलतो, आणखी व्यायाम कशाला?" हा प्रश्न पहिल्या आठवड्यात रोज निघायचा, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर मला पटलं ते असं. ड्युटीतली हालचाल तासन् तास चालते, त्याच त्याच स्नायूंवर येते, आणि विश्रांती कधी घ्यायची हे आपल्या हातात नसतं. रुग्ण घसरला की धावायचंच. अशा हालचालीने स्नायू थकतात, ताकद मात्र वाढत नाही. ताकद वाढायला थोडा वेळ नेमका जोर लावावा लागतो, मग विश्रांती द्यावी लागते, आणि जोर हळूहळू वाढवावा लागतो. पाठीची ताकद वाढली की तेच ड्रॉशीट ओढायला तिच्या एकूण ताकदीतला कमी हिस्सा खर्च होतो. शेतात राबणाऱ्या बैलालाही मध्ये जू उतरवून दाणावैरण मिळते, असं आमच्या मावशी म्हणाल्या आणि मॅडमनी ते उदाहरण पुढच्या वॉर्डात वापरायला घेतलं.

व्यायामाचा कागद घरी देऊन भागलं नसतं का? रुग्णालयाच्या प्रशासनाने आधी तेच सुचवलं होतं. छापील पत्रक काढा, प्रत्येकीला द्या, काम झालं. इथे मॅडम अडून बसल्या आणि त्यांनी डेन्मार्कमधलं एक संशोधन पुढे ठेवलं. मार्कुस याकोबसेन, लार्स आंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २०१५ साली प्रसिद्ध झालेलं. तीन रुग्णालयांतले १८ विभाग, २०० महिला आरोग्य कर्मचारी, दहा आठवडे. निम्म्या विभागांना कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, आठवड्यातून पाच वेळा दहा मिनिटं गटाने व्यायाम दिला, आणि प्रोत्साहनासाठी काही बैठका. बाकीच्यांना तेवढाच व्यायाम घरी, स्वतःच्या वेळेत करायला सांगितला. कामाच्या जागी करणाऱ्या गटाचं दुखणं घरच्या गटापेक्षा जास्त उतरलं आणि पाठीची ताकदही वाढली. मला त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटली ती हजेरीची. कामाच्या जागी सरासरी आठवड्याला २.२ वेळा व्यायाम झाला, घरी १.०. म्हणजे तिथेही ठरलेले पाच दिवस कुणाला जमले नाहीत, आणि घरी तर त्याच्या निम्म्यानेही नाही.

डेन्मार्कच्या बायकांना घरी जमलं नाही, तर आमच्या मॉर्निंगवाल्या सिस्टर अडीचला घरी पोचून जेवण, कपडे, मुलांचे क्लास, सासूबाईंची औषधं यांतून वेळ कुठून काढणार? पत्रक देऊन बोळवण केली की जबाबदारी आमच्या गळ्यात येते आणि दुखणं तसंच राहतं. वर "सांगितलं होतं, केलं नाहीत" हे ऐकावं लागतं. ड्युटीतली दहा मिनिटं देणं म्हणजे हे दुखणं कामातून आलंय हे रुग्णालयाने मान्य करणं. आमच्या वर्गाची सगळी किंमत माझ्या लेखी यात आहे. कुणी तुमच्याकडे हीच सेवा "घरी करा, ॲप घ्या, व्हिडिओ पाठवतो" अशा रूपात आणली तर घाईने हो म्हणू नका.

मला काय मिळालं? पूर्वी ड्युटी संपताना कंबर सहा-सातवर असायची, चपला घालायला वाकताना भिंत धरावी लागायची. आता बहुतेक दिवशी दोन-तीन. वर्षातून दोनदा तरी कमरेत उसण भरायची आणि अंथरुणाला खिळायचे, ते वर्ग सुरू झाल्यापासून झालं नाही. मान बरीच सुटली. खांदा निम्माच सुधारला आहे. हात पाठीमागे नेताना अजून कळ येते, आणि मॅडमनी आधीच सांगितलं होतं की जुनं दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. वेदनाशामक गोळीचं मात्र समाधान वाटतं. आम्ही औषधांच्या कपाटाशेजारी काम करणारी माणसं, दुखलं की डायक्लोफेनॅक घेतली आणि लागलो कामाला, ही सवय वॉर्डावॉर्डात आहे. त्या गोळ्या पोटाला आणि किडनीला काय करतात हे आम्ही रुग्णांना समजावतो. माझ्या पर्समधली स्ट्रिप आता महिनोन् महिने तशीच राहते.

वर्गाचा आणखी एक फायदा कुणी योजला नव्हता. डॉक्टर, सिस्टर, मावशी, मामा एका रांगेत उभे राहून हात वर करतात, तेव्हा कुणाचा कुठला खांदा चढतोय हे सगळ्यांना दिसतं. त्यानंतर जड रुग्ण वळवायचा असला की मावशी आपण होऊन म्हणतात, "थांबा सिस्टर, तुमचा खांदा दुखतोय, त्या बाजूला मी येते." आधी असं होत नव्हतं, कारण माहीतच नव्हतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: सुरुवातीला वर्ग फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी होता. मावशी आणि मामा कंत्राटदाराचे, म्हणून त्यांची नावं यादीत नव्हती. ट्रॉली ढकलणारे, रुग्ण उचलणारे, ओल्या चादरींचे गठ्ठे वाहणारे तेच, आणि फॉर्मवर सगळ्यात जास्त खुणा त्यांच्याच. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी लेखी पत्र दिलं तेव्हा आमच्या वॉर्डात त्यांना घेतलं. इतर काही वॉर्डांत अजूनही घेतलेलं नाही. कंत्राटाच्या कागदावर नाव कुणाचंही असो, मणका सगळ्यांचा सारखाच आहे. हे दुरुस्त व्हायलाच हवं.

दुसरी, इंटर्न. ते दर महिन्याला बदलतात आणि नवीन मुलगा किंवा मुलगी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करते. कोण कुठल्या रंगावर आहे याची वही ठेवली तर हा घोळ मिटेल. आम्ही आमच्यापुरती ठेवली आहे, ड्यूटी रोस्टरच्या शेजारी अडकवलेली, पण ते काम विभागाचं आहे.

तिसरी, गर्दीचे दिवस. आमच्या युनिटच्या ॲडमिशनच्या दिवशी, म्हणजे नवे रुग्ण आमच्याकडे दाखल होतात त्या दिवशी, वर्ग हमखास रद्द होतो. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की आठवडा आठवडा होत नाही. ज्या दिवशी अंगावर सगळ्यात जास्त भार, त्याच दिवशी व्यायाम नाही. बदली माणूस दिल्याशिवाय यावर उपाय नाही, आणि बदली माणूस द्यायचा तर भरती करावी लागते. हे वर्गाचं अपयश म्हणता येणार नाही, पण ज्यांना हा वर्ग सुरू करायचा आहे त्यांनी आधी मनुष्यबळाचा हिशोब करावा.

जागेबद्दलही एक सूचना. जिथे डेमो रूम नाही, तिथे वर्ग वॉर्डाच्या टोकाला पडदा लावून घेतात. नातेवाइकांच्या समोर वाकायला, हात वर करायला ज्येष्ठ सिस्टरना, विशेषतः साडीवाल्यांना, अवघडल्यासारखं होतं आणि त्या येणं टाळतात. बंद दाराची खोली हवी. तिला पर्याय नाही.

आणि व्यायामाकडून भलती अपेक्षा ठेवू नये. पाठ कितीही मजबूत केली तरी दोन बायकांनी नव्वद किलोचा माणूस ट्रॉलीवरून बेडवर ओढायचा हे बरोबर ठरत नाही. आमच्या बॅचची एक मैत्रीण इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आहे. तिथे हाताने वजन हाताळण्याबद्दलचे नियम १९९२ साली झाले आणि १९९३ पासून लागू आहेत, आणि ती सांगते की स्लाइडिंग शीट किंवा होइस्ट (रुग्ण उचलायचं यंत्र) यांच्याशिवाय रुग्ण हलवलेला तिच्या वॉर्डात चालत नाही. स्लाइडिंग शीट म्हणजे गुळगुळीत कापडाची दुहेरी चादर, रुग्णाखाली सारली की तो उचलावा लागत नाही, सरकतो. काही फार महागडं यंत्र नाही ते. आमच्या वॉर्डात अशा दोन आल्या आहेत, त्याही मॅडमच्या पाठपुराव्यामुळे, आणि एक कायम धुवायला गेलेली असते. नुसतं "नीट वाका, नीट उचला" असं शिकवून पाठदुखी टळत नाही, हे कामगारांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन सांगितलं गेलं आहे. वर्गाच्या जोडीला शीट, उंची बदलणारे बेड आणि पुरेशी माणसं हवीत. व्यायाम त्यांच्याऐवजी दिला जात असेल तर ती फसवणूक आहे, असं मी मेट्रनच्या मीटिंगमध्येही म्हणाले आहे.

एक सूचना सगळ्यांसाठी. पायात मुंग्या किंवा बधिरपणा वाढत असेल, पायातली ताकद कमी वाटत असेल, लघवी-संडासवरचा ताबा बिघडला असेल, रात्री पडून राहिलं तरी दुखणं थांबत नसेल, किंवा सोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर वर्गात येऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आपण नर्स आहोत म्हणून आपल्याला कळतं असं समजून बऱ्याच जणी वेळ घालवतात. मॅडम पहिल्याच दिवशी हे सगळ्यांना विचारतात आणि शंका आली की ऑर्थोच्या ओपीडीत पाठवतात. आमच्यातल्या एकीच्या मणक्यातली गादी सरकल्याचं यातूनच वेळेत लक्षात आलं.

राहिली रात्रपाळी. नाइटवाल्यांसाठी आजही काहीच नाही. रात्री बारा तास, वॉर्डात दोघीच. दहा मिनिटं एकीला सोडणं कठीण, हे मला मान्य आहे. पण त्याच आंडरसन यांच्या गटाचा २०११ सालचा आणखी एक अभ्यास आहे, ऑफिसात काम करणाऱ्या आणि मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांवरचा. रबरी दोरीने हात बाजूने वर करायचा, वर सांगितलाय तसाच व्यायाम. एका गटाला रोज दोन मिनिटं, दुसऱ्याला बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, दोन मिनिटंवाल्यांचंही. ते ऑफिसमधले लोक होते, आमचं काम वेगळं, हे खरं. तरीही पहाटे चारला व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) घेऊन झाल्यावर आणि सकाळची धावपळ सुरू व्हायच्या आत नर्सिंग स्टेशनच्या मागे दोन मिनिटं निघू शकतात. एकीने करायचं, दुसरीने बेलकडे लक्ष ठेवायचं. प्रत्येक वॉर्डात नाइटसाठी दोन पट्ट्या ठेवाव्यात आणि रोस्टरवर तशी वेळ छापून यावी, असा अर्ज आम्ही पाच जणींनी सह्या करून मेट्रनकडे दिला आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.